पाच मीटरच्या पलीकडे

अजिंठा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे लेणी उभी राहतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण आम्ही अजिंठ्याचे म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचा असा काही समज होतो की, आम्ही रोज सकाळी पद्मपाणीचे दर्शन घेऊनच चहा पितो. लेणी आहेत घाट उतरल्यावर, फर्दापूरच्या अंगाला. आमचे गाव घाटमाथ्यावर, दहा-बारा किलोमीटर अलीकडे. गावात जुनी तटबंदी आहे, वेस आहे आणि जळगावकडे जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्याला लागून माझे दुकान. पाटीवर बरेच काही लिहिलेले आहे. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म आणि सगळ्यात खाली, जरा ताज्या रंगात, ‘आधारवर पैसे मिळतील’. इतक्या वर्षांत दुकानात माणसे किती आली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण वायरी किती आल्या ते विचाराल तर एकेक आठवून सांगेन. हा लेख त्या वायरींचा आहे. एका आजीच्या अंगठ्याचाही आहे, पण तिथवर पोहोचायला थोडे मागून यावे लागेल.

१९९७ साली मी पहिला संगणक घेतला. पुढून तो बरा दिसायचा. पाठीमागून पाहिला की, कुणी दहा गावच्या सुतारांनी मिळून एक दार केले आहे असे वाटे. कीबोर्डला गोल भोक, माउसला नऊ दातांचे, प्रिंटरला पंचवीस छिद्रांचे, पडद्याला तीन ओळींत पंधरा. एकाची पिन दुसऱ्यात जाणार नाही. शिवाय मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप आले होते. म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती प्रिंटरच्या भोकात खोचायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची वायर. डबी जरा ढिली झाली की मराठी गायब! ऐन वैशाखात, समोर वधूपिता बसलेले असताना, मी टेबलाखाली घुसून डबी दाबतो आहे, हे दृश्य गावातल्या पुष्कळांनी पाहिलेले आहे.

त्यानंतर फॅक्ससाठी मोडेम घेतला. माउस पहिल्या सिरियल पोर्टवर, मोडेम तिसऱ्यावर. मोडेम चालू केला की माउस जागच्या जागी गोठायचा. फॅक्स गेला की पुन्हा पळायला लागायचा. मी माउस बदलला, मोडेम बदलून आणला, शेवटी जळगावच्या एका जाणत्या मेकॅनिकने कारण सांगितले. आतल्या यंत्रांना ‘माझ्याकडे बघा’ असे सांगायला संगणकात मोजक्या घंटा असतात, आणि पहिला व तिसरा पोर्ट या दोघांना मिळून चार नंबरची एकच घंटा दिलेली असते. दुसऱ्या-चौथ्याला मिळून तीन नंबरची. दोन घरांना एक बेल; वाजली तर दार कुणी उघडायचे? मोडेम दुसऱ्या पोर्टवर नेला आणि भांडण मिटले. पैसे मात्र जायचे ते गेलेच होते.

लांबीचा पहिला धडाही त्याच सुमारास मिळाला. ठिपक्यांचा प्रिंटर, ज्यांनी ऐकला असेल त्यांना माहीत आहे, पत्र्यावर करवत फिरवल्यासारखा ओरडतो. म्हणून तो मागच्या खोलीत ठेवावा असे ठरवले आणि संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेहून, दहा मीटरची वायर वळून आणली. पहिली पत्रिका छापली. ‘चि. सौ. कां.’ एवढे नीट आले आणि पुढे मुलीच्या नावाच्या जागी रेघा, ठिपके, दोन-चार इंग्रजी अक्षरे आणि एक डॉलरची खूण. वधूपित्याने कागद नाकाजवळ नेऊन पाहिला. म्हणाले, “हे कामून असं?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज देतो. त्या वायरीत आठ तारा एकाच वेळी एकेक ठोका घेऊन पळतात. लांबी वाढली की, शेजारच्या तारेचा आवाज या तारेत येतो, ठोक्यांच्या कडा बोथट होतात, आठांपैकी एखादा चुकतो. प्रिंटरला चित्र काढण्याचा हुकूम अर्धवट पोहोचतो आणि पुढचे चित्र तो अक्षरे समजून छापतो. तीन मीटरांवर तोच प्रिंटर, तीच पत्रिका, मुलीचे नाव स्वच्छ.

मग स्कॅनर आला, १९९९ मध्ये. तो ‘स्कझी’ जातीचा होता. हे नाव आता फार जणांना आठवत नसेल, पण एकाच वायरीवर माळेसारखी अनेक यंत्रे ओवायची सोय त्यात होती. शून्य ते सात असे आठ नंबर. सात नंबर संगणकातल्या कार्डाचा, बाकीचे सात यंत्रांना. कोणाचा नंबर कोणता हे यंत्राच्या पाठीवरच्या बटणाने आपणच ठरवायचे. दोघांना एकच नंबर दिला की दोघेही बेपत्ता. सगळी माळ मिळून सहा मीटरच्या आत. आणि माळेच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ नावाचे बूच बसवायचेच. हे बूच कशाला, हे मला लेण्यांसमोरच्या व्ह्यू पॉइंटवर उभे राहिल्यावर कळले. वाघूर नदीने तिथे नालेच्या आकाराचे वळण घेतले आहे. मोठ्याने हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते आणि आपण दुसरी हाक मारत असलो तर दोन्ही एकमेकींत मिसळतात. तारेच्या मोकळ्या टोकाला आलेला ठोका असाच आपटून माघारी फिरतो. बूच त्याला गिळून टाकते. पुढे दोन-तीन संगणक जोडून मी नेट कॅफे काढला, त्याच्या काळ्या गोल वायरीलाही दोन टोकांना अशीच बुचे होती. एका पोराने खेळता खेळता एक काढून खिशात घातले तर सगळा कॅफे बंद!

नंबर देण्याच्या या जुन्या पद्धतीवरून आठवले. आपण मतदान करतो ते यंत्रही याच कुळातले आहे. बटणांचे मतदान यंत्र आणि मतदान अधिकाऱ्याजवळचे नियंत्रण यंत्र यांना जोडणारी वायर पाच मीटरची. एका मतदान यंत्रावर सोळा बटणे. उमेदवार वाढले की एकाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे अशी माळ लावायची, आणि प्रत्येकाच्या पोटातली चकती फिरवून त्याला एक, दोन, तीन असा नंबर द्यायचा. जुन्या यंत्रांना अशी चारच जोडता येत, म्हणजे चौसष्ट. नव्या, ‘एम-३’ म्हणतात त्या यंत्रांना चोवीस, म्हणजे ‘नोटा’ धरून ३८४. ही मर्यादा कागदावरच राहिली असती. पण २०१९ च्या लोकसभेला आपल्या नांदेडच्या शेजारच्या निजामाबादेत हळद उत्पादक शेतकऱ्यांनी भावाच्या प्रश्नावर घाऊक अर्ज भरले आणि १८५ उमेदवार उभे राहिले. एकेका केंद्रावर बारा-बारा यंत्रे मांडावी लागली. २०२४ ला मराठवाड्यातल्या कित्येक गावांत अशाच बेताची चर्चा होती. आमच्या दुकानात चहाबरोबर सोळाचा पाढा म्हटला जात होता. निवडणुकीच्या कामावर जाणारे आमचे एक गुरुजी मित्र सांगतात की, प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ वायरींवर जातो. कोणती कुठे, कोणती आधी. नियंत्रण यंत्र बंद केल्याशिवाय वायर काढायची नाही आणि घालायचीही नाही. चिठ्ठी छापणारे यंत्र वीज जास्त खाते म्हणून त्याला बॅटरी स्वतःची. मला त्यात शहाणपण दिसते. ज्याने ते बांधले त्याने शेवटच्या यंत्रापर्यंत काय पोहोचेल याचा हिशेब आधीच करून ठेवला आहे.

या सगळ्या गोंधळावर यूएसबीचा उतारा आला. जानेवारी १९९६ मध्ये त्याचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यामागे सात मोठ्या कंपन्या होत्या. ज्यांनी हे घडवले त्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे नाव ठळक. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याच्या विद्यापीठातले ते विद्यार्थी, त्यामुळे मला ते उगाचच जवळचे वाटतात. एकच भोक, एकच पिन, चालू संगणकात खुशाल खोचा, नंबर द्यायला नको, बूच लावायला नको. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ ची ही करामत दाखवताना स्कॅनर जोडला आणि पडदा निळा पडला, सभागृह हसले. पण पुढे सगळे सुरळीत झाले. आमच्याकडे पोहोचेपर्यंत २००२ उजाडले होते. मी त्या दिवशी टेबलाखालचा सगळा गुंता कापून काढला आणि पोत्यात भरून माळ्यावर टाकला. पोते अजून आहे.

यूएसबीच्या खोक्यावर १२७ यंत्रांचा आकडा असतो. हा आकडा कुठून आला? नंबर लिहायला सात घरे ठेवली आहेत, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. सात घरांत १२८ आकडे बसतात. त्यातला शून्य राखीव. नवे यंत्र जोडले की पहिल्यांदा ते शून्य नंबरावरच बोलते. आपल्याकडे बारसे होईपर्यंत मुलाला नुसते ‘बाळ’ म्हणतात, तसेच. संगणक त्याला एक नंबर देतो, म्हणजे बारसे झाले, आणि पाळणा पुढच्यासाठी मोकळा. एका वेळी पाळण्यात एकच बाळ, एवढी काळजी घेतली की गल्लत होत नाही.

पण १२७ नावे पटावर बसतात म्हणजे १२७ पोरे वर्गात बसतात असे नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. यूएसबीच्या वर्गात बोलायचा हक्क एकट्या गुरुजींना, म्हणजे संगणकाला. तो एकेकाचे नाव घेतो, ज्याचे नाव घेतले त्यानेच ‘हजर’ म्हणायचे. ठरल्या वेळात उत्तर आले नाही तर गैरहजर. ही वेळ एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही थोडी असते. तांब्याच्या तारेतून ठोका एका मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद घेतो. प्रमाणात एका वायरीला २६ नॅनोसेकंद मंजूर आहेत, म्हणून वायर पाच मीटर. मध्ये हब आला की तोही थोडा वेळ खातो, म्हणून संगणक आणि शेवटचे यंत्र यांच्यामध्ये फार तर पाच हब. पाच हब म्हणजे सहा वायरी, तीस मीटर. एकतिसाव्या मीटरवरचा मुलगा कितीही हुशार असो, त्याचे ‘हजर’ वेळेत ऐकू येत नाही.

वेग वाढवत गेले तसे हे अंतर आखूडच होत गेले. पाच मीटर चालणाऱ्या दुसऱ्या पिढीनंतर २००८ मध्ये तिसरी आली, तिची वायर तीन मीटरच्या आसपास थकते. आताच्या ‘टाइप-सी’ भोकातून सगळ्यात जास्त वेग हवा असेल तर साधी तांब्याची वायर हातभरही पुरत नाही असे म्हणायची वेळ आली आहे. प्रमाणात ८० सेंटिमीटरचा हिशेब आहे. आणि भोक एकसारखे म्हणून वायरी एकसारख्या नसतात. एक नुसती मोबाइल भरते, दुसरी पडदा चालवते, तिसरी लॅपटॉपला वीज देते. दिसायला तिन्ही जुळ्या. दहा गावच्या सुतारांचे दार होते तेव्हा निदान चूक करता येत नव्हती!

हे सगळे मी आज इतक्या ऐटीत लिहितो आहे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मला यातले निम्मेही ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक होते ते वापरायचे सुचले नाही.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे यांना देशातला पहिला क्रमांक मिळाला. नंतर आमच्या भागातही नोंदणीचे लोक पेट्या घेऊन शाळेत बसले, तेव्हा मी कुतूहलाने जाऊन पाहिले होते. एक लॅपटॉप, त्याला चार बोटे एकदम टेकवायचे यंत्र, दोन्ही डोळ्यांचे यंत्र, कॅमेरा, प्रिंटर आणि समोरच्या माणसाला आपली माहिती वाचता यावी म्हणून दुसरा पडदा. त्यांच्या नियमात लॅपटॉपला किमान पाच स्वतंत्र यूएसबी पोर्ट हवेत असे कलम होते. मला ते तेव्हा सरकारी थाटाचे वाटले होते. पन्नास-शंभर रुपयांत चार भोकांचा हब मिळतो, पाच पोर्ट कशाला?

पुढे मी एका बँकेचा ‘बँक मित्र’ झालो. आधारला जोडलेल्या खात्यातून लोक अंगठा लावून पैसे काढतात. येणारे बहुतेक म्हातारे. श्रावणबाळ योजनेचे, संजय गांधी योजनेचे, तेव्हा महिन्याला दीड हजार. आणि माझ्या दुकानाला तीन पायऱ्या, त्याही उंच. गुडघे धरून वर येणारी माणसे बघवेनात. मग मी एक चांगले काम करायचे ठरवले. खाली ओट्यावर एक टेबल मांडले, वर छत्री लावली. आतल्या संगणकापासून पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर बाहेर ओढली, तिच्या टोकाला चार भोकांचा हब, हबला अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा. उरलेल्या भोकांत बसलेली गिऱ्हाइके आपापले मोबाइल चार्जिंगला लावत. सगळे खूश होते. एका गिऱ्हाइकाने तर “तुमच्यासारखी सोय सिल्लोडातही नाही” असे म्हटले.

दिवाळीच्या आधी घाटाखालच्या एका वाडीवरून एक आजी आली. साठ वर्षे कापूस वेचलेला, मिरच्या तोडलेल्या. अंगठा ठेवला. यंत्रातला लाल दिवा लागला, मंद झाला, विझला. पुन्हा ठेवला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आले. ते मी वाचले नाही, कारण ते काय असणार हे मला वाचायच्या आधीच माहीत होते. “आजी, बोटं झिजलीत तुमची. रेघाच राहिल्या नाहीत. चार दिवसांनी या, हाताला तेल लावा.” ती चार दिवसांनी आली. रोज रात्री तूप चोळले म्हणाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा कुणी तरी सांगितले म्हणून लिंबाने हात घासून आली होती, बोटांच्या चिरा लाल झालेल्या. येण्याजाण्याचे गाडीभाडे आणि दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडालेली. मी तिला माझ्या पदरचे दोनशे रुपये द्यायला लागलो, तिने घेतले नाहीत. म्हणाली, “बाबू, माझेच पैसे हायत ना तिथं? मग तुझे कामून घेऊ?”

आत बसल्या बसल्या मला दिवसभर एक आवाज यायचा. यूएसबीत काही घातले-काढले की विंडोज करते तो, टुं-डुंग. मला वाटायचे, गिऱ्हाइकांच्या मोबाइलचा.

चौथ्या खेपेला योगायोगाने माझी पुतणी घरी आलेली होती. ती संभाजीनगरात पॉलिटेक्निकला शिकते. तिने तो आवाज दोन वेळा ऐकला आणि म्हणाली, “काका, अंगठ्याचं मशिन मरतंय आणि जिवंत होतंय.” मग तिने पडद्यावरची ती इंग्रजी ओळ मोठ्याने वाचली. त्यात बोटाबद्दल अक्षरही नव्हते. यंत्र तयार नाही, एवढेच लिहिले होते. तिने यंत्र हबमधून उपटले, आजीला हात धरून तीन पायऱ्या वर आणले, यंत्र थेट संगणकाच्या पाठीत खोचले. अंगठा. हिरवी खूण. पाच सेकंदसुद्धा लागले नसतील.

आजीने आधी पैसे मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले. मग अंगठा स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली, “म्हंजी माझं बोट मेलं नव्हतं.”

मला वर बघवले नाही.

संध्याकाळी पुतणीने तिच्या पिशवीतले एक छोटे मीटर काढून हबला लावले. संगणकाच्या भोकाशी पाच व्होल्ट होते. ओट्यावर, मोबाइल नसताना, ४.३. मोबाइल लावला की आकडा खाली-वर नाचायचा. हिशेब तिने माझ्याच बिलबुकाच्या मागे करून दाखवला. स्वस्तातल्या बारीक तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.२ ओहम. पाच मीटर जायचे, पाच मीटर यायचे, म्हणजे दोन ओहम. कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र मिळून ०.३ अँपिअर ओढतात असे धरले तर सहा दशांश व्होल्ट तारेतच जिरले. प्रमाणाप्रमाणे यंत्राला किमान ४.४ तरी मिळायला हवेत. बोट टेकले की यंत्रातला दिवा एकदम पेटतो, नेमकी तेव्हाच जास्त वीज लागते, व्होल्टेज बसते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय एका भोकाला ठरवून दिलेले अर्धा अँपिअर. बिनअॅडॉप्टरच्या हबने त्यातले स्वतःला एक दशांश ठेवले तर पुढच्या चार भोकांना एकेक दशांशच उरतो. आणि मी वापरलेली ती लांब एक्स्टेन्शन वायर? तशी वायर मूळ प्रमाणात मान्यच नाही. बाजारात मात्र ढिगाने मिळते.

हे मला समजायला मीटर लागावे याचे जास्त वाईट वाटले. आमची विहीर घरापासून लांब आहे. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की आमची मोटार नुसती घुरघुरते, पाणी उचलत नाही. तेव्हा ‘मोटार म्हातारी झाली’ असे कुणी म्हणत नाही. लाइनच्या टोकाला आहोत, व्होल्टेज नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचले नाही म्हणून त्याच्या जमिनीला कुणी नावे ठेवत नाही. ओट्यावर मात्र मी बिनदिक्कत म्हाताऱ्या माणसांच्या बोटांना नावे ठेवत होतो.

मामांची आठवण झाली. लेण्यांत वीज नीट नव्हती तेव्हा ते पर्यटकांना उजेड दाखवण्याचे काम करीत. दारात आरसा धरून उन्हाची तिरीप आत सोडायची, आत दुसऱ्याने पांढऱ्या कापडाची चौकट धरून ती भिंतीवर फिरवायची. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचा मंडप चौसष्ट फूट लांब-रुंद आहे आणि पद्मपाणी अगदी मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला. एवढ्या लांब ऊन न्यायचे तर दर वळणाला ते थोडे मरते. मामा म्हणायचे, दोन वळणांवर चेहरा दिसतो, तिसऱ्या वळणाला भिंत दिसते. पाहुण्यांनी नाक मुरडले आणि “चित्र पुसट झालंय” म्हटले की ते चिडायचे. “चित्र नाही, उजेड पुसट झालाय, जरा बाजूला व्हा,” असे सांगून आरसा सरकवायचे. पुढे चित्रांच्या लेण्यांत काचतंतूंतून प्रकाश आणायची सोय झाली. दिवा दूर ठेवायचा, त्याची उष्णता चित्राला लागू द्यायची नाही आणि नुसता उजेड तंतूतून पुढे पाठवायचा. मामांची आरशाची नोकरी संपली होती, पण ही युक्ती त्यांना मनापासून आवडली होती.

मी एक वही ठेवतो. ज्यांचा अंगठा आला नाही त्यांची नावे, गाव, तारीख. बँकेने सांगितले म्हणून नव्हे, पुन्हा आले तर ओळख पटावी म्हणून. ओट्यावर टेबल मांडल्यापासूनची पाने उघडली तर तेवीस नावे निघाली. दुसऱ्या दिवशी हबसाठी स्वतःचा अॅडॉप्टर असलेला, जाड वायरीचा नवा संच मागवला. तोवर यंत्र आतच ठेवले आणि पायऱ्यांना लोखंडी कठडा करून घेतला. हे आधी सुचले असते तर मुळात वायर ओढावीच लागली नसती. मग मोटारसायकल काढली आणि गावोगाव, वाड्यांवर निरोप देत फिरलो. “मशिन बिघडलं होतं” असे सांगितले असते तर सोपे होते, खोटेही म्हणता आले नसते. पण मशिन बिघडलेले नव्हतेच. “माझी चूक झाली, तुमच्या बोटांत काही खोट नव्हती,” असे एकदा म्हटल्यावर पुढच्या घरी म्हणणे जरा हलके गेले.

तेवीसांपैकी एकोणीस जण आले. चौदांचे पैसे पहिल्याच अंगठ्याला निघाले. पाच जणांची बोटे मात्र खरोखरच झिजलेली होती; पुतणीने मला आधीच बजावले होते की, सगळा दोष वायरीवर टाकून मोकळा होऊ नकोस. त्यांना मी स्वतः बँकेच्या शाखेत नेले आणि पासबुकावर पैसे काढून दिले. उरलेल्या चारांपैकी दोघे ऊसतोडीला गेलेले, एक बाई मुलाकडे सुरतेला.

चौथे एक आजोबा. त्यांच्या ओसरीवर मी दोनदा जाऊन आलो. चहा देतात, पावसापाण्याचे विचारतात, पण दुकानात यायचे नाव काढत नाहीत. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “त्या मशिनीनं मला तीनदा नाही म्हटलं. मी तिला एकदा म्हटलं तर बिघडलं कुठं?” आता ते दर महिन्याला शाखेत जातात, रांगेत उभे राहतात, शाईच्या गादीवर अंगठा दाबून कागदावर उठवतात आणि पैसे घेऊन येतात. परतताना माझ्या दुकानावरूनच रस्ता आहे. ओट्यासमोर थांबतात आणि तो निळा अंगठा मला दाखवतात.